बीएमआय माझ्यावर अन्याय करतोय का?

प्रश्न थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. चार वर्षांपासून त्या आठवड्यातून तीनदा जिममध्ये वजनं उचलतात, एरवी रोज चालतात. तीन जिने चढून दम लागत नाही, पाठदुखी थांबली, झोप नीट लागते. ऑफिसच्या वार्षिक आरोग्य तपासणीत त्यांचा बीएमआय (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २६.४ आला आणि अहवालावर लाल अक्षरांत ‘लठ्ठ’ असं छापून आलं. शेजारी ‘योग्य वजन ५७ किलोपर्यंत’. तेच आकडे त्यांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले, तर तिथे ‘लठ्ठ’ नाही, ‘वजन जास्त’ एवढंच आलं. यजमानांची उंची १७३, वजन ६७, बीएमआय २२.४, म्हणजे ते हिरव्या रकान्यात. ते व्यायाम करत नाहीत, पोट सुटलंय, आणि आता बायकोची थट्टा करतात. बाईंच्या आईला मधुमेह होता. त्या विचारतात, “उंची कमी आणि स्नायू जास्त असलेल्यांवर बीएमआय अन्याय करतो, असं वाचलंय. मग हा आकडा सोडून देऊ, की जिम बाजूला ठेवून आधी नऊ किलो उतरवायच्या मागे लागू?” शेवटी एक ओळ : त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीने तो अहवाल पाहिल्यापासून स्वतःचा बीएमआय काढायला सुरुवात केली आहे आणि ती रात्रीचं जेवण टाळते आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. बाकी सगळ्याला वेळ आहे, त्या गोष्टीला नाही.

मोठ्यांसाठी ठरवलेल्या बीएमआयच्या रेषा चौदा वर्षांच्या मुलीला लागूच होत नाहीत. या वयात उंची, हाडं, स्नायू आणि चरबी प्रत्येक आपापल्या वेगाने बदलत असतात. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढणं हा त्या वाढीचाच भाग आहे. म्हणून मुलांचा बीएमआय त्याच वयाच्या मुलांच्या किंवा मुलींच्या तक्त्याशी ताडून पाहतात, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा काही महिन्यांत तो कुठल्या दिशेला जातोय याकडे लक्ष देतात. तुमच्या मुलीने मोबाइलवर जे वापरलं ते बहुधा मोठ्यांचं कॅल्क्युलेटर असणार. हे तिला एकदा शांतपणे सांगा, भाषण नको. रात्रीचं जेवण सगळे एकत्र घ्या. जेवताना वजनाचा विषय नको, तुमच्या स्वतःच्या वजनाचाही नको. आणि यजमानांची थट्टा आजच बंद व्हायला हवी. ते तुम्हाला उद्देशून बोलत असतील, पण ऐकतेय तीही. जेवण टाळणं दोन आठवड्यांपलीकडे चाललं, पाळी चुकली, चक्कर आली, जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली किंवा सारखी वजनकाट्यावर उभी राहू लागली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जे दिसतंय ते स्पष्ट सांगा. खाण्याचे विकार बऱ्याचदा याच वयात सुरू होतात. लवकर लक्षात आले तर त्यातून बाहेर पडणं सोपं जातं.

आता तुमचा २६.४.

सर्वात आधी एक गुंता सोडवू. एकाच आकड्याला अहवाल ‘लठ्ठ’ म्हणतो आणि मोबाइल ‘वजन जास्त’, म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीत १८.५ ते २५ ठीक, २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. मोबाइलने ती वापरली. पण दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार बऱ्याच कमी बीएमआयला गाठतात, हे दिसून आल्यावर २००४ साली याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ अशा सावधगिरीच्या रेषा सुचवल्या, आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आणखी पुढे जाऊन २३ ला वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा असं ठरवलं. तुमचा अहवाल या शेवटच्या तक्त्यावरून छापलेला दिसतो. रेषा माणसं आखतात आणि माणसं सरकवतातही. अमेरिकेत १९९८ पर्यंत ‘वजन जास्त’ची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती २५ वर आणली गेली. त्या दिवशी कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता दुसऱ्या रकान्यात गेले. रेषा सरकवण्यामागे कारणं होती, ती मनाला येईल तशी सरकवलेली नव्हती. तरीही २४.९ आणि २५.१ या दोन माणसांच्या तब्येतीत निसर्गाने काही भिंत घातलेली नाही.

हा हिशेब मुळात कशासाठी झाला तेही बघा. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र १८३२ च्या सुमारास बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांनी मांडलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. समाजातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा शोध ते घेत होते. कुणाचं आरोग्य तपासणं हा त्यांचा विषयच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं तपासली आणि केटलेंच्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. पुरुषांची मापं, हे लक्षात घ्या. कीज यांचंही म्हणणं इतकंच होतं की हे सूत्र पूर्ण समाधानकारक नसलं तरी उपलब्ध सूत्रांत कमी पडत नाही. मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास करताना ते सोयीचं होतं : वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी, बाकी काही लागत नाही. याच सोयीमुळे ते हळूहळू दवाखान्यात, विमा कंपन्यांत आणि तुमच्या ऑफिसच्या तपासणीत शिरलं.

त्यामुळे ‘बीएमआय न्याय्य आहे का’ याचं माझं उत्तर असं : हजारो लोकांचा अंदाज घ्यायला तो आजही उपयोगी आहे. बीएमआय वाढत जातो तसा टाइप २ मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणं आणि काही कर्करोग यांचं प्रमाण वाढतं, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण एका माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला तो पुरेसा नाही. न बोलता, न तपासता, लाल अक्षरांत ‘लठ्ठ’ छापून एखाद्याच्या हातात कागद देणं मला अजिबात मान्य नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०२३ मध्ये बीएमआय एकट्याने वापरू नये, अशी भूमिका घेतली.

हे सगळं तुमच्या बाजूचं झालं. आता तुमच्या दोन गृहीतकांकडे वळते, कारण ती तशीच सोडली तर मी तुम्हाला फक्त बरं वाटेल असं लिहिलं असं होईल.

पहिलं उंचीचं. बीएमआय उंचीवरून अन्याय करतो ही टीका खरी आहे, पण ती तुमच्या बाजूने जात नाही. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की या सूत्रामुळे उंच माणसं आहेत त्यापेक्षा जाड आणि बुटकी माणसं आहेत त्यापेक्षा बारीक ठरतात. त्यांनी सुचवलेल्या सूत्राने हिशेब केला तर तुमचा आकडा २७.३ येतो, म्हणजे थोडा वरच. ते सूत्र रुळलेलं नाही, तेव्हा त्याचीही धास्ती घेऊ नका. पण ‘माझी उंची कमी म्हणून’ हे कारण मनातून काढून टाका.

दुसरं स्नायूंचं. चार वर्षं नियमित वजनं उचलणाऱ्या बाईच्या अंगावर स्नायू नक्कीच वाढलेले असतात आणि ते जपण्यासारखे आहेत. पण हिशेब बघा. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६२.४ किलो, आणि २३ म्हणजे ५७.४ किलो. तुमचे ६६ आणि हे ५७.४ यांच्या मधले साडेआठ किलो सगळे स्नायूच आहेत, असं मानायला माझं मन धजत नाही. आठवड्यातून तीनदा व्यायाम करून या वयात इतके स्नायू क्वचितच वाढतात. थोडे स्नायू, थोडी चरबी, असंच बहुधा असेल. स्पर्धेत उतरणारे पैलवान, वेटलिफ्टर यांच्याबाबत बीएमआय साफ फसतो हे खरं. पण त्यांचं उदाहरण आपण सगळेच जरा लवकर स्वतःला लावून घेतो.

आणि बीएमआयची मोठी चूक या दिशेला नाहीच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या शरीरातली चरबी प्रत्यक्ष मोजून बीएमआयशी ताडून पाहिली गेली. ज्यांना ३० च्या रेषेने लठ्ठ म्हटलं, त्यांच्याबाबत ती फारशी चुकली नव्हती. पण ज्यांच्या अंगात खरोखर जास्त चरबी होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण त्या रेषेखालून निसटून गेले होते. हा आकडा निरपराध माणसाला पकडतो त्यापेक्षा किती तरी जास्त वेळा धोक्यातल्या माणसाला ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवतो.

म्हणून पत्र वाचताना मला तुमच्यापेक्षा तुमच्या यजमानांची काळजी जास्त वाटली.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघेही मधुमेहाचे संशोधक, शेजारी शेजारी उभे असलेला फोटो त्यात आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तुमच्या यजमानांचा बीएमआय जवळपास तोच आहे. कातडीखालची चरबी ही शरीराची साठवणीची जागा. ती लवकर भरली की चरबी पोटाच्या पोकळीत, यकृतात, स्वादुपिंडात जाऊन बसते, जसं कपाट भरल्यावर सामान घरभर पसरतं. इन्सुलिनचं काम बिघडवणारी चरबी मुख्यतः ही आतली. बाहेरून माणूस सडपातळ दिसतो, हातपाय काडीसारखे, फक्त पोट पुढे. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

मग कळतं कशाने? घरातल्या शिवणाच्या टेपने, आश्चर्य वाटेल इतकं चांगलं कळतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांच्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराचा संबंध जास्त घट्ट दिसला. सगळ्यात सोपा नियम आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ पासून सांगितला आहे : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. तो बायकांना, पुरुषांना, सगळ्या वंशांच्या लोकांना सारखाच. तुमच्यासाठी ही मर्यादा ७९ सेंटिमीटर, यजमानांसाठी ८६.५.

मोजण्यात मात्र बहुतेकांची चूक होते, म्हणून सविस्तर सांगते. सकाळी, काही खाण्याआधी, कपड्यावरून नाही तर उघड्या अंगावर मोजा. कुशीत बोटांनी शेवटची बरगडी चाचपा, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. या दोन्हींच्या मधोमध टेप गुंडाळा. टेप पाठीमागे खाली घसरत नाही ना, हे आरशात बघा किंवा कुणाला तरी बघायला सांगा. टेप अंगाला टेकलेला हवा, रुतलेला नको. पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. दोनदा मोजा. पुरुषांची एक खास अडचण असते : पँट पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे पट्ट्याचं भोक वर्षानुवर्षं तेच राहतं आणि ‘माझी कंबर आहे तेवढीच आहे’ अशी त्यांची खात्री असते. पँटचा नंबर कंबर म्हणून धरू नका.

हल्ली घरगुती काटे चरबीची टक्केवारीही दाखवतात. ते शरीरातून अगदी सौम्य वीज सोडून पाण्यावरून अंदाज बांधतात; पाणी किती प्यालात, व्यायाम कधी केलात यावर आकडा हलतो. वापरायचाच तर एकच काटा, एकच वेळ, आणि महिन्यांचा कल बघा. रोजच्या चढउतारावर मूड ठरवू नका.

टेपच्या जोडीला रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (रक्तातल्या चरबीची मापं), यकृतासाठी एसजीपीटी. तुमच्या ऑफिसच्या तपासणीत यातल्या बऱ्याच चाचण्या झाल्याही असतील. लाल अक्षरांच्या नादात ती पानं उलटून बघायची राहिली असतील तर आज बघा. एचबीएवनसी ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आईला मधुमेह होता, तेव्हा हा आकडा तुमच्यासाठी बीएमआयपेक्षा किती तरी मोलाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात हेच सुचवलं : केवळ बीएमआयवरून लठ्ठपणा ठरवू नका, कंबरेसारख्या आणखी एका मापाने खात्री करा, आणि मग त्या चरबीने खरोखर एखाद्या अवयवाचं काम किंवा रोजचं जगणं बिघडलंय का ते वेगळं तपासा.

यातून तुमच्यापुढे दोनच वाटा राहतात, आणि तुम्ही पत्रात लिहिलेल्या दोन्ही नाहीत.

कंबर ७९ च्या आत आणि रक्ताचे अहवाल स्वच्छ असतील, तर वजन आहे तिथे राहू द्या. व्यायाम चालू ठेवा, दर वर्षी तेच मापन आणि त्याच चाचण्या करा, आणि ५७ हा आकडा विसरून जा. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा पुढच्या काही वर्षांत कंबरेवर लक्ष असू द्या.

कंबर त्याहून जास्त असेल किंवा साखर, रक्तदाब वरच्या बाजूला झुकलेले असतील, तर थोडं वजन उतरवणं फायद्याचं आहे. थोडं म्हणजे खरोखर थोडं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उद्दिष्ट होतं ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्याने सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साधारण साडेचार किलो. सहा महिने ते वर्षभरात हे होऊ शकतं. एवढं करूनही तुमचा बीएमआय २३ च्या खाली येणार नाही, अहवाल पुन्हा लाल छापेल, आणि तरीही तुमची तब्येत सुधारलेली असेल. याची मनाची तयारी आधीच करून ठेवा.

एक मात्र कळकळीने सांगते. जिम सोडून, जेवण निम्म्यावर आणून नऊ किलो उतरवू नका. असं उतरलेलं वजन फक्त चरबीचं नसतं, त्यात स्नायूंचाही चांगला वाटा असतो. काही महिन्यांनी वजन परत येतं तेव्हा चरबी आधी येते. म्हणजे बीएमआय हिरवा करण्याच्या नादात शरीराची अवस्था आधीपेक्षा वाईट. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं आपोआपच कमी होऊ लागतात; तुमची वजनं उचलण्याची सवय हे त्याच्यावरचं सर्वात खात्रीचं औषध आहे. खायचं कमी करायचं असेल तर ते प्रथिनं राखून, आणि शक्यतो आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

असंच पत्र लिहिण्याच्या विचारात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. गरोदर बायका, अंगावर सूज असलेले रुग्ण आणि हात किंवा पाय गमावलेल्या व्यक्ती यांना बीएमआय लावू नये. सत्तरीच्या आसपासच्या माणसांत उंची घटलेली असते, स्नायू झिजलेले असतात. तिथे ‘नॉर्मल’ आकडा फसवा असू शकतो, आणि कारण नसताना उतरणारं वजन ही आनंदाची नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. तसंच १८.५ च्या खालचा आकडाही दुर्लक्षू नका. सगळं बोलणं वजन जास्त असण्याबद्दल होत असल्यामुळे बारीक माणसांना कुणी विचारतच नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘माझं वजन जास्त आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तक्त्यातूनच येईल. टेपने घेतलेलं माप, आईचा मधुमेह, आठवड्याचा व्यायाम हे एका कागदावर लिहून न्या आणि विचारा, ‘या सगळ्यावरून माझा धोका किती, आणि वजन कमी केल्याने त्यात काय फरक पडेल?’ डॉक्टर फक्त बीएमआय बघून बोलत असतील तर टेपचा आकडा पुढे करा. ऐकून घेत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका. आणि यजमानांना सोबत न्या. त्यांचा एचबीएवनसी आणि रक्तदाब गेल्या वर्षभरात तपासलेला नसेल तर तुमच्याबरोबर त्याच सकाळी त्यांचंही रक्त द्यायला लावा. हिरवा रकाना दाखवून ते टाळायला बघतील, तेव्हा टेप पुढे करा.